मंत्र्याने राजीनामा द्यायलाच हवा, असं ब्रिटनमध्ये कुठे लिहिलंय?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. ब्रिटनमध्ये खात्यातल्या अधिकाऱ्याने घोळ घातला तरी मंत्री राजीनामा देतो हे खरं का, आणि मंत्रिमंडळाची 'सामूहिक जबाबदारी' म्हणजे नक्की काय. दुसरीचं उत्तर सोपं आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळतो. पहिलीबाबत आपली पाठ्यपुस्तकं जरा भाबडी आहेत. मी स्वतः मंत्रालयात बरीच वर्षं टिपण्या लिहिल्या. फाईलवर सही एकाची आणि मजकूर दुसऱ्याचा, हा प्रकार रोजचा होता. त्या नादात हा विषय वाचत गेलो.

१० डाउनिंग स्ट्रीटवर मंत्रिमंडळाची बैठक साधारण मंगळवारी सकाळी भरते. टेबल होडीसारखं, मधे फुगीर आणि टोकांना निमुळतं. ते मॅकमिलन पंतप्रधान असताना आलं. मधे बसलेल्या पंतप्रधानांना कडेचे चेहरेही दिसावेत, ही सोय. हात असलेली खुर्ची अख्ख्या खोलीत एकच, ती कोणाची हे सांगायला नको. बाकी वीस-बावीस जण बिनहाताच्या खुर्च्यांवर, मोबाइल बाहेर ठेवून. हात वर करून मोजणी सहसा होत नाही. चर्चा झाली की पंतप्रधान समारोप करतात आणि तो समारोप हाच निर्णय. तीन-चार जण गुरगुरत असतानाही 'एकंदरीत सर्वांचा कल असा दिसतो' असं शांतपणे म्हणता येणं, हे तिथल्या पंतप्रधानांचं खरं कौशल्य. इतिवृत्तात जास्त भर निर्णयावर. कोण काय बोललं ते त्रोटक. १९१६ पर्यंत तर इतिवृत्तच नव्हतं. पंतप्रधान लॉइड जॉर्जने मॉरिस हँकीला सचिव म्हणून बसवलं, तेव्हापासून ते सुरू झालं.

सामूहिक जबाबदारी इथून सुरू होते. आत कितीही भांडा, बाहेर पडल्यावर निर्णय सगळ्यांचा. ज्याला पटत नाही त्याने आधी राजीनामा द्यायचा, मग तोंड उघडायचं. हे बंधन कनिष्ठ मंत्र्यांनाही आहे. इतकंच काय, मंत्र्यांच्या मागे फायली घेऊन फिरणारे जे 'संसदीय खासगी सचिव' असतात, म्हणजे या कामाचा वेगळा पगार नसलेले खासदार, त्यांनीही सरकारविरुद्ध मत दिलं तर पद गेलं समजा. कायद्याने हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, जास्तीत जास्त ९५ मंत्री बसू शकतात. त्यात हे बिनपगारी धरले तर ६५०च्या सभागृहात शंभराहून जास्त मतं सरकारच्या खिशात आधीच असतात. माझ्या मते सामूहिक जबाबदारी इतकी वर्षं टिकली ती तत्त्वामुळे कमी आणि या हिशेबामुळे जास्त.

कधीकधी पंतप्रधानच दोर सैल सोडतात. १९७५ साली युरोपीय समुदायात राहायचं की नाही यावर सार्वमत झालं, तेव्हा विल्सनने मंत्र्यांना परस्परविरुद्ध प्रचार करायची मुभा दिली. २०१६ साली ब्रेक्झिटच्या सार्वमतात कॅमेरॉनने तेच केलं. एरवी मात्र बाहेर पडावंच लागतं. मंत्री रॉबिन कुक १७ मार्च २००३ रोजी इराक युद्धावरून मंत्रिमंडळातून बाहेर पडले, आणि त्यांच्या भाषणानंतर कॉमन्समध्ये टाळ्या वाजल्या. तिथे टाळ्या वाजवायची पद्धत नाही, म्हणून लोकांना त्या अजून आठवतात.

पण माझं आवडतं उदाहरण जेफ्री हाउ यांचं. अत्यंत मवाळ माणूस, आवाज कधी चढायचा नाही. पंतप्रधान थॅचरबाईंच्या मंत्रिमंडळात पहिल्या दिवसापासून होते. १ नोव्हेंबर १९९० रोजी युरोपच्या प्रश्नावरून त्यांनी राजीनामा दिला आणि १३ तारखेला सभागृहात उभे राहिले. मागच्या बाकांवर सगळे खचाखच, बाई पुढच्या बाकावर चेहरा घट्ट करून बसलेल्या. हाउ म्हणाले, युरोपात वाटाघाटींना आम्हाला पाठवणं म्हणजे सलामीच्या फलंदाजांना मैदानात पाठवायचं, आणि पहिले चेंडू पडू लागल्यावर त्यांना कळायचं की सामना सुरू होण्याआधीच कर्णधाराने त्यांच्या बॅटी मोडून ठेवल्यात. आपल्याकडच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २२ नोव्हेंबरला थॅचर यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मंत्र्यांना एकेकट्याला बोलावून विचारलं होतं, आणि बहुतेकांनी पक्षनेतेपदाच्या लढतीत तुम्ही जिंकणार नाही असंच सांगितलं. एकत्र बसवून विचारलं असतं तर काय झालं असतं, याच्यावर अजून वाद चालतो.

सामूहिक जबाबदारीची दुसरी बाजू कमी लिहिली जाते. निर्णय सर्वांचा म्हणायचा, तर तो सर्वांसमोर यायला हवा ना? वेस्टलंड या हेलिकॉप्टर कंपनीच्या प्रकरणात संरक्षणमंत्री मायकेल हेझलटाइन यांची तक्रार हीच होती की ठरलेली बैठक रद्द करून विषय बाजूला सारला. ९ जानेवारी १९८६ रोजी ते चालू बैठकीतून उठले, कागद गोळा केले आणि दाराबाहेर पडले. हे वाचताना मराठी माणसाला चिंतामणराव देशमुख आठवावेत. १९५६ साली मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडताना त्यांनी लोकसभेत बोट ठेवलं ते याच दुखण्यावर: मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळापुढे चर्चेला न आणताच नेहरूंनी जाहीर केला. मुंबईचं सगळ्यांना माहीत आहे, हा घटनात्मक आक्षेप फार थोड्यांना.

आता तुमचा पहिला प्रश्न. अधिकाऱ्याच्या चुकीसाठी मंत्री जातो, याचं पुस्तकी उदाहरण म्हणजे क्रिशेल डाउन. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातली ही ७२५ एकर जमीन १९३८ साली हवाई खात्याने बाँबफेकीच्या सरावासाठी घेतली. युद्ध संपलं, गरज संपली, पण मूळ मालकांना परत देण्याऐवजी ती शेती खात्याकडे गेली आणि खात्याने ती दुसऱ्यालाच कसायला द्यायचं ठरवलं. मूळ मालकाच्या जावयाने अर्ज-विनंत्या केल्या, त्याला टोलवाटोलवी मिळाली. (या भागात मला अगदी घरी आल्यासारखं वाटतं.) तो नौदलातला निवृत्त अधिकारी, ओळखीपाळखीचा माणूस, गप्प बसला नाही. चौकशी झाली, लाचलुचपत सापडली नाही, पण अधिकाऱ्यांच्या वागण्यावर कडक ताशेरे आले. २० जुलै १९५४ रोजी शेतीमंत्री सर टॉमस डगडेल यांनी सभागृहात राजीनामा जाहीर केला.

किती उदात्त, नाही का? पण तीस वर्षांनी कागद खुले झाले तेव्हा दिसलं की डगडेल यांना बरंचसं माहीत होतं आणि धोरण त्यांना मान्यही होतं. ते गेले त्याचं मोठं कारण म्हणजे त्यांच्याच पक्षाचे मागच्या बाकांवरचे, म्हणजे मंत्री नसलेले, खासदार खवळले होते. जमीनमालकांच्या पक्षाच्या सरकारनेच जमीनमालकाला छळलं म्हणून! गंमत म्हणजे त्याच चर्चेत गृहमंत्री मॅक्सवेल फाइफ यांनी उलट स्पष्ट केलं की मंत्र्याला न सांगता, त्याला मान्य नसलेलं काम अधिकाऱ्याने केलं तर मंत्र्याने त्याचं समर्थन करायची गरज नाही. सभागृहाला हिशेब मात्र द्यावा लागेल. हिशेब देणं वेगळं आणि खुर्ची सोडणं वेगळं. गाठ तिथेच आहे.

त्या शेती खात्यात तेव्हा एक तरुण कनिष्ठ मंत्री होते, लॉर्ड कॅरिंग्टन. त्यांनीही राजीनामा देऊ केला, चर्चिलने घेतला नाही. २८ वर्षांनी तेच कॅरिंग्टन परराष्ट्रमंत्री होते. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं घेतली, ३ तारखेला शनिवारी सुट्टी मोडून सभागृह भरलं आणि सरकारवर अक्षरशः तुटून पडलं. कॅरिंग्टन वरच्या सभागृहाचे, त्यामुळे कॉमन्समध्ये उभं राहून उत्तरही देता येत नव्हतं. ५ तारखेला ते गेले. संरक्षणमंत्री नॉट यांनीही राजीनामा देऊ केला होता, थॅचरबाईंनी तो स्वीकारला नाही. पुढच्या वर्षी चौकशी अहवालाने सरकारला दोष द्यायला नकार दिला! तरीही मी म्हणेन की शंभर टक्के प्रामाणिक राजीनामा म्हणून बोट दाखवायचं तर इथेच. १९५६च्या रेल्वे अपघातानंतर शास्त्रीजींनी दिला, त्याच जातीचा.

त्यानंतरचा रस्ता उताराचा आहे. नव्वदच्या दशकात तुरुंगातून कैदी पळाले तेव्हा गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांनी धोरण माझं, अंमलबजावणी खात्याची अशी विभागणी केली. १९९५ साली बडतर्फ झाला तो तुरुंग सेवेचा प्रमुख. २०२२ साली गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी सरकारी कागद खासगी ईमेलवरून पाठवल्याबद्दल १९ ऑक्टोबरला राजीनामा दिला आणि सहाव्या दिवशी, पंतप्रधान बदलल्यावर, त्याच खुर्चीवर परत आल्या.

आणि हे लिहिलंय कुठे? कायद्यात नाही. मंत्र्यांची एक आचारसंहिता आहे, 'मिनिस्टीरिअल कोड'. जाणूनबुजून संसदेची दिशाभूल केली तर राजीनामा देऊ करावा, असं तीत स्पष्ट आहे. अधिकाऱ्याच्या प्रत्येक चुकीपायी जावं असं नाही. शिवाय ती पंतप्रधानच काढतात आणि भंगाची शिक्षाही तेच ठरवतात. २०२० साली या संहितेबाबतचे पंतप्रधानांचे सल्लागार सर अ‍ॅलेक्स अ‍ॅलन यांनी निष्कर्ष काढला की गृहमंत्री प्रीती पटेल यांची कर्मचाऱ्यांशी वागणूक संहितेत बसत नाही. पंतप्रधान जॉन्सन यांनी संहिता मोडलेली नाही असं ठरवून पटेल यांना कायम ठेवलं. त्या दिवशी राजीनामा आला तो अ‍ॅलन यांचा.