बोनेट उघडा, पण पाईप नको: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दसरा आला की आम्ही ट्रॅक्टर, मोटरसायकल, कार सगळं बोअरच्या पाण्यानं धुतो. मागच्या वर्षी बोनेट उघडून आतही पाईप मारला तर पूजेच्या वेळेवर गाडी सुरूच होऊन नाही राह्यली, दुपारून झाली पण मग दोन दिवस झटके मारे. पेट्रोल गाडी आहे, आठ वर्षं जुनी. यंदा आतून धुवाव का नाही?
– एक वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर: भाऊ, साफ कराच, फक्त पाईप बाजूला ठेवा. तुमच्या गाडीचे झटके बहुतेक प्लगच्या खड्ड्यात पाणी साचल्यानं आले असतील. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत स्पार्क प्लग खोल भोकात बसलेले असतात, वरून कॉईलचं, म्हणजे प्लगला करंट देणाऱ्या भागाचं, रबर असते, इतक्या वर्षांत ते रबर कडक होते आणि पाणी आत उतरते. मग ठिणगी प्लगच्या टोकावर न पडता ओलाव्यातून बाजूलाच पळते आणि तो सिलिंडर कामच नाही करत. मेकॅनिक मिसिंग म्हणतात ते हेच. इंजिनच्या गरमीनं पाणी उडालं, गाडी बरी झाली.

पण मला काळजी वेगळीच वाटते. दर्यापूर म्हणजे पूर्णेचा खारपाणपट्टा, अमरावती, अकोला, बुलडाणा ह्या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. बोअरचं पाणी अंगणात सुकलं की कसा पांढरा थर राहते, तुम्ही रोज पाहता. तोच थर वायरच्या कनेक्टरमध्ये बसते, मीठ ओल धरून ठेवते, आतल्या पिना हिरव्या पडतात आणि सहा महिन्यांनी कुठला तरी लाईट डॅशबोर्डवर पेटते, तेव्हा दसऱ्याचं धुणं कोणाच्याच ध्यानात नसते. म्हणून पिण्याच्या कॅनचं पाणी घ्या, अर्धी बादलीही खूप झाली.

सकाळी गाडी पूर्ण गार असताना सुरू करा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी पडलं तर ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकते, आणि हातही भाजते. चावी काढून घ्या, बऱ्याच गाड्यांना दहाचा पाना लागते, त्यानं बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर सोडा, मग हवी तर पॉझिटिव्ह, लावताना उलटं. निगेटिव्ह आधी ह्यासाठी की पॉझिटिव्ह खोलताना पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. मग अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करते तो), फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरची तोंडाकडची नळी आणि कॉईल, सगळ्यांवर पन्नी बांधा. गाडी हायब्रिड किंवा बॅटरीवाली असेल तर नारिंगी जाड वायरींना हातच लावू नका, ते काम सर्व्हिस सेंटरचं.

आता आधी कोरडं काम. रंगाचा दोन इंची ब्रश घ्या आणि फुफाटा झाडा, अर्धं काम इथंच होते. वायपरच्या खाली जाळी असते तिथं कडुलिंबाचा पाला साचलेला राहते, हातानं काढा, नाही तर पावसाचं पाणी निघायचं भोक बुजते आणि पाणी गाडीच्या आत पायाशी येते. तेलकट चिकटा असेल तिथंच डिग्रीजर, म्हणजे तेल-ग्रीस काढायचं लिक्विड, मारा, नसेल तर मगभर पाण्यात चमचाभर भांडे घासायचं लिक्विड, पाच मिनिटं थांबा, ब्रशनं घासा आणि ओल्या फडक्यानं पुसून घ्या. फडकं पिळलेलं पाहिजे, गळतं नाही. मग पन्न्या काढून बोनेट उघडं ठेवून तास-दोन तास ऊन खाऊ द्या, हळद-कुंकू त्याच्यानंतर.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवट फुलून आलं असेल तर वायरी सुटलेल्या असतानाच खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं घासा, फसफसून निघून जाते. झाकणाच्या आत मात्र जाऊ देऊ नका. कोरडं करून वायरी कसल्या की वरून व्हॅसलिनचं बोट फिरवा.

प्रश्न: आमचं घर जिनिंगच्या रस्त्यावर आहे. सीझनमध्ये सगळीकडं कापसाचा फुपाटा उडते. मे महिन्यात एसी थंड करत नाही आणि गाडीचा गरमीचा काटा वर जाते. गॅस भरून पाहिला, फरक नाही.
– एक वाचिका, हिंगणघाट

उत्तर: ताई, गॅसवर अजून पैसे घालण्याआधी पुढच्या जाळीतून टॉर्च मारून पहा. तिथं समोर एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारी जाळी) असते, त्याच्या मागं इंजिनचं पाणी थंड करणारं रेडिएटर, आणि दोघांच्या मधल्या फटीत कापूस जाऊन बसते. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसते, पण मधे गादीसारखा थर असू शकते. मी एका गाडीतून असा थर काढला तर अक्षरशः नमद्यासारखा एका तुकड्यात निघाला, आत सरकीची टरफलंही होती. अशात हवा जाईल कुठून? आपल्याकडं पारा 45 च्या वर जाते तेव्हा इंजिनला हवा पुरेशी मिळालीच पाहिजे.

कंप्रेसरनं हवा मारायची ती आतून बाहेर, म्हणजे इंजिनकडून समोरच्या जाळीकडं, नाही तर कचरा अजून आत ठासते. नोझल जवळ नेऊ नका, कंडेन्सर-रेडिएटरच्या बारीक पत्र्या इतक्या नाजूक असतात की नखानंही वाकतात. बॅटरीची निगेटिव्ह काढूनच हात घाला, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरते. इतकं करूनही मधला थर निघाला नाही तर रेडिएटर थोडं मोकळं करून घ्यावं लागते, ते मेकॅनिककडून. एअर फिल्टरही काढून झटका, कागदी असते, धुऊ नका, पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच बदला कारण तो हिशोब आपल्या धुळीचा नाही.

प्रश्न: आमचे मेकॅनिक डिझेल मारून इंजिन चमकवतात. घरी करू का? आणि फवारणीच्या पंपानं पाणी मारलं तर प्रेशर कमी असते, ते चालते का?
– एक शेतकरी, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: डिझेल नको. चमकते खरं, पण रबरी होज आणि बेल्ट फुगून नरम पडतात, त्या तेलकटपणावर आठ दिवसांत दुप्पट धूळ बसते, आणि सायलेन्सरच्या तापल्या भागावर राह्यलं तर आगीची भीती. पेट्रोल-रॉकेलचं तर नावच नको.

पंपाचं प्रेशर ठीक आहे, पण औषधाचा पंप कृपा करून वापरू नका. कितीही धुतला तरी टाकीत, नळीत औषध राहते आणि बोनेटवर वाकून मारताना तेच तुषार तोंडावर येतात. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, हे आपण विसरायला नको. लिटरभराचा कुंडीला पाणी मारायचा हातपंप स्वस्तात मिळते, तो घ्या.

प्रश्न: घरात सोयाबीनचे पोते आहेत, पोर्चमध्ये गाडी. उंदरांनी दोनदा वायर कुरतडली. साफसफाईनं फरक पडते का?
– एक वाचक, मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर: पडते, कारण साफ बोनेटमध्ये लेंडी आणि कुरतडलेला फोम लगेच दिसते, मळक्यात दिसत नाही. तसंच माझ्या गाडीत पुसल्यावर तिसऱ्या दिवशी टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगखाली तेलाची एक ओली रेघ दिसली. पॅकिंग बदललं, काम छोट्यात निपटलं. उंदरासाठी तंबाखूची पानं, डांबरगोळ्या लोक ठेवतात, वास उडाला की उंदीर परत येते. गाडी पोत्यांपासून लांब लावा, चार-पाच दिवसांत एकदा तरी चालवा, आणि रात्री बोनेट उघडं ठेवता येत असेल तर ठेवा, उंदराला अंधार-ऊब दोन्ही नको मिळायला. बोनेटमध्ये विष ठेवू नका, मेलेला उंदीर आतच सडते. वायर कुरतडलेली दिसली तर नुसती टेप गुंडाळून चालवू नका, जोड नीट करून घ्या आणि मगच चावी फिरवा.