होपी कचिना बाहुल्या: पारख, पिसं आणि पावसाळा

प्रश्न: ॲरिझोनात रस्त्याकडेच्या दुकानात एक कचिना पाहिली (होपी ही तिथली मूळनिवासी जमात; कचिना म्हणजे त्यांच्या श्रद्धेतले आत्मे आणि त्यांच्या रूपातली ही लाकडी बाहुलीही). अंगावर सशाची फर, कातडं, मणी, किंमतही परवडणारी. घ्यावी का?

शोभेची वस्तू म्हणून खुशाल घ्या, होपी म्हणून नको. फर-कातडं डिंकाने चिकटवलेल्या अशा स्वस्त बाहुल्या बहुधा होपींच्या नसतात. बऱ्याच शेजारच्या नवाहो जमातीच्या कारागिरांच्या असतात. होपी कारागीर कॉटनवूड झाडाचं वाळलेलं मूळ कोरतो. ते आकाराच्या मानाने हलकं लागतं, पण बाल्सा हे स्वस्त लाकूडही हलकंच, तेव्हा वजनावर निकाल देऊ नका. भिंगातून पिसं बघा. आजच्या चांगल्या कामात पिसंसुद्धा लाकडातच कोरलेली असतात, एकेक रेघ सुटी दिसते. बैठकीच्या तळाशी कारागिराचं नाव, कधी गाव किंवा कुळाचं चिन्ह असतं. जुन्या बाहुल्यांवर सही बहुधा नसतेच. शेवटी पावतीवर ‘होपी’ आणि कारागिराचं नाव लिहून मागा. दुसऱ्याचा माल होपी म्हणून विकणं अमेरिकेच्या 1990च्या कायद्याने गुन्हा आहे. दुकानदार लिहून द्यायला का-कू करू लागला की समजून जा.

प्रश्न: काकांकडून आलेल्या जुन्या बाहुलीवर गरुडाची पिसं आहेत असं वाटतं. विकता येईल?

पिसं खरंच गरुडाची असतील तर नाही, कितीही जुनी असली तरी. अमेरिकेचा 1940चा गरुड संरक्षण कायदा आणि 1918चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा, दोन्ही आडवे येतात. भारतात आणायचा बेतही परवान्याशिवाय करू नका. आणि पिसं उपटून वाट काढू नका. बाहुलीची किंमतही जाते.

प्रश्न: मुंबईत आणल्यापासून रंगाचे पोपडे सुटताहेत.

जुन्या पद्धतीत लाकडावर पांढऱ्या मातीचा अस्तर-थर, वर खनिज रंग. पावसाळ्यात मुळाचं लाकूड फुगतं, थर फुगत नाही, म्हणून तो सुटतो. ओलं फडकं, व्हार्निश, फेविकॉल काहीही लावू नका. धूळ मऊ कोरड्या ब्रशने, तीही फक्त घट्ट भागावरची. काचेच्या बंद पेटीत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा 45 ते 55 टक्क्यांत राहावा. फक्त रात्री एसी लावणं सर्वांत वाईट, रोज फुगणं-आकसणं चालू राहतं. उचलताना धड धरा. हात आणि डोक्यावरची फळी आधी मोडतात. खाली लाकडाचा भुगा दिसला तर कीड आहे: पॉलिथिनमध्ये बंद करून बाकी संग्रहापासून वेगळी काढा आणि संवर्धकाला (जुन्या कलावस्तू दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला) दाखवा.

प्रश्न: लिलावात कचिनाचा मुखवटा आला तर?

सोडून द्या. बाहुल्या होपी स्वतः विकतात. विधीतले मुखवटे त्यांच्या लेखी जिवंत असतात. 2013 मध्ये अशा मुखवट्यांचे पॅरिसचे लिलाव होपी न्यायालयात जाऊनही थांबले नाहीत. त्या डिसेंबरात ॲनेनबर्ग फाउंडेशन या अमेरिकी धर्मादाय संस्थेने 21 होपी वस्तू विकत घेतल्या, त्या होपींना परत देण्यासाठीच.