वाचक विचारतात: चोथा घातला आणि पिशव्या हिरव्या झाल्या

प्रश्न: गव्हाच्या काडावर धिंगरी मशरूम मला छान जमतं. यावेळी लाकडाचा भुसा वापरून बघितला, त्यात बिअर बनवताना उरतो तो माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) ओला चोथा निम्म्याला निम्मा घातला, काडासारखंच 80 डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवलं आणि स्पॉन (मशरूमचं बी) भरलं. 12 पिशव्यांपैकी 9 आठवड्यात हिरव्यागार झाल्या, वासही आंबट येतोय. चोथ्यातल्या दारूमुळे असं झालं का?

उत्तर: ताई, 12 तल्या 9 गेल्या म्हणजे वाईट वाटणारच. पण दारूचा यात काही संबंध नाहीये. माल्ट गरम पाण्यात भिजवून गोड रस काढून घेतात, चोथा तिथेच बाजूला होतो आणि यीस्ट नंतर त्या रसात पडतं, त्यामुळे चोथ्यात दारू नसतेच, उरतात ती सालं, तंतू आणि भरपूर प्रोटीन, कोरड्या वजनाच्या साधारण 20 टक्के तरी. नुसत्या भुशात नायट्रोजन फारच कमी असतो, म्हणून तर आपण चोथा घालतो. पण जे खाऊन धिंगरी वाढते तेच खाऊन हिरवी बुरशी, म्हणजे ट्रायकोडर्मा, तिच्यापेक्षा जास्त वेगाने वाढते, आणि ही गोष्ट मला सगळ्यांना ओरडून सांगावीशी वाटते. काडात खायला कमी असतं म्हणून तासभर गरम पाण्यात भागतं. चोथा घातला की भागत नाही, पिशवी पूर्ण निर्जंतुकच करावी लागते: प्रेशरखाली 121 डिग्रीला दोन-अडीच तास, आणि वेळ मोजायची ती प्रेशर पूर्ण आल्यावर. प्रेशरची सोय नसेल तर उकळत्या पाण्याच्या वाफेवर 10-12 तास, मध्ये पाणी संपू न देता. पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्याच घ्या, साध्या वितळतात. स्पॉन मात्र पिशवी आतपर्यंत गार झाल्यावरच, बाहेरून गार लागली तरी मध्ये गरम असते आणि त्यात स्पॉन मरतं.

आता प्रमाण. निम्म्याला निम्मं फार झालं, त्यातून ओल्या चोथ्यात 75-80 टक्के पाणीच असतं, ते हिशोबात धरलं नाही की पिशवी चिखल होते, हवा खेळत नाही आणि तो आंबट वास येतो (तो बॅक्टेरियाचा). कोरड्या वजनावर 10 ते 15 टक्के पुरे. समजा एकूण कोरडा माल 10 किलो हवाय: भुसा साडेआठ किलो, चोथा कोरडा दीड किलो म्हणजे ओला साडेसात किलो, त्यात 6 लीटर पाणी आलंच. मिश्रणात 60 टक्के ओल ठेवायची तर एकूण 15 लीटर पाणी लागतं, म्हणजे वरून 9 लीटरच घालायचं, आणि भुसा आधीच दमट असेल तर त्याहून कमी. मग मूठभर घेऊन जोरात आवळा, बोटांतून दोन-चार थेंब आले तर बरोबर, धार लागली तर कोरडा भुसा घाला.

चोथा ताजाच हवा, दोन दिवस पडला की आंबतो, लगेच वापरणं होत नसेल तर पातळ पसरून कडकडीत वाळवून ठेवा. भुसा पाइनसारख्या राळेच्या लाकडाचा नको, प्लायवूडचा तर अजिबात नको, त्यात गोंद असतो.

हिरव्या झालेल्या पिशव्या खोलीत उघडू नका हं, तोंड बांधलेल्याच बाहेर न्या, नाहीतर त्या बीजाणूंनी पुढची भरतीही जाईल. राहिलेल्या तीन पूर्ण पांढऱ्या असतील तर त्यांच्यावर धिंगरी येईल, त्या वेगळ्या ठेवा आणि मोकळी हवा द्या. देठ लांब नि टोपी इवलीशी आली तर समजा हवा कमी पडतेय.

आणि पुढच्या वेळी एकदम 12 नको, चारच भरा: दोन नुसत्या भुशाच्या, दोन चोथा घातलेल्या, चारी एकाच वेळी वाफवलेल्या. तीन आठवड्यांनी काय दिसतं ते नक्की कळवा.