आईस हॉकीत संघ बदलत फिरलेला खेळाडू कोच कसा होतो?

तुमचा प्रश्न असा की, उत्तर अमेरिकेतल्या खालच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं संघ बदलत खेळलेल्याला कोचिंगमध्ये कितपत वाव आहे आणि सुरुवात कुठून करायची.

वाव आहे, पण तयारी खेळत असतानाच करावी लागते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या या खेळाडूला पाय थकायच्या आधी नियमच बाहेर काढतो. एएचएल ही एनएचएलच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या, लगेच खालची लीग. तिथे सामन्यात उतरणाऱ्या १८ स्केटर्सपैकी (गोलरक्षक सोडून बाकीचे खेळाडू) १३ जण ‘डेव्हलपमेंट’ खेळाडू असावेच लागतात. त्यातल्या बारा जणांचे व्यावसायिक सामने २६० पेक्षा जास्त चालत नाहीत, तेराव्याचे ३२० पर्यंत चालतात. जुन्या खेळाडूंना उरतात पाच जागा. तिच्याही खालच्या ईसीएचएलमध्ये फक्त चार. मोसमात ७२ सामने असतात, म्हणजे चार पूर्ण मोसम खेळलात की तुम्ही ‘जुने’ झालात.

जॅरेड बेडनारचं उदाहरण बघा. एनएचएलमध्ये एकही सामना नाही. ईसीएचएलच्या साउथ कॅरोलायना स्टिंगरेजकडून खेळणं थांबवलं आणि २००२ मध्ये त्याच संघात सहायक कोच झाला. पाच वर्षांनी मुख्य कोच, २००९ मध्ये केली कप (ईसीएचएलचं विजेतेपद), २०१६ मध्ये लेक ईरी मॉन्स्टर्सबरोबर काल्डर कप (एएचएलचं) आणि २०२२ मध्ये कोलोरॅडो ॲव्हलांचबरोबर स्टॅनली कप (एनएचएलचं). यातली सहायक म्हणून काढलेली पाच वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. लोक नेमकी तीच गाळून गोष्ट सांगतात.

तर सुरुवात सहायक पदापासून. मागायचं काम म्हणजे पेनल्टी किल: आपला एक जण शिक्षेमुळे बाहेर बसलेला असताना उरलेल्या चौघांनी करायचा बचाव. फिरत्या खेळाडूंपैकी बरेच जण तिसऱ्या-चौथ्या ओळीत (फॉरवर्डच्या मागच्या गटांत) तेच करत आलेले असतात. प्रत्येक संघाची चौघांची मांडणी वेगळी: कुठे चौकोन, कुठे डायमंड, कुणी पकवर (खेळातल्या रबरी चकतीवर) धावून जाणारा, कुणी वाट बघणारा. मांडणी कशी होती आणि कुठे फुटायची, हे संघ सोडायच्या आधी वहीत उतरवा. दहा संघांची अशी वही हेच तुमचं भांडवल.

बेंचवर उभं राहिल्यावर पहिली चूक ठरलेली: माजी खेळाडू पक बघत बसतो. कोचने बदल, म्हणजे कोण बाहेर येतो आणि कोण आत जातो ते, बघायचा असतो. दुसऱ्या पिरियडमध्ये बाजू बदलतात, त्यामुळे आपला बेंच आपल्या बचावक्षेत्रापासून लांब पडतो. एक शिफ्ट, म्हणजे खेळाडू एका वेळी बर्फावर राहतो तो वेळ, साधारण ४५ सेकंदांची. पक आपल्याच क्षेत्रात अडकला की ती सव्वा मिनिटावर जाते, डिफेन्समनचे पाय जड होतात आणि गोल तेव्हाच बसतो. घाईत कुणी मधल्या लाल रेषेच्या अलीकडूनच पक समोरच्या गोलरेषेपलीकडे खोल फेकला तर आयसिंग हा नियमभंग होतो आणि आयसिंग करणाऱ्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेले पाचही जण तसेच फेसऑफला (पक टाकून खेळ पुन्हा सुरू होताना) उभे! म्हणून शिकवायचं एवढंच: आधी लाल रेषा ओलांडा, मग पक खोल टाका, मग बदला. तेही तिघे फॉरवर्ड आधी. डिफेन्समनने पक खोल गेल्याची खात्री झाल्याशिवाय बेंचकडे वळायचं नाही.

दुसरी चूक सरावातली. ड्रिल स्वतः करून दाखवायचा मोह होतो आणि वीस जण रांगेत गारठतात. फळ्यावर अर्ध्या मिनिटात सांगा, छोटे गट करा.

ईसीएचएलमध्ये मुख्य कोच झालात की खेळाडू शोधणंही बहुधा तुमच्याच गळ्यात पडतं. एएचएलवाले सामन्याच्या आदल्या दिवशीही तुमचे दोन फॉरवर्ड उचलून नेतात. मग संध्याकाळपर्यंत बदली माणूस हवा असतो. इथे जुन्या संघांतले फोन नंबर कामाला येतात, म्हणून कुठलाही संघ सोडताना भांडून सोडू नका.