बांगडा कडू का लागला?

प्रश्न : मालवणच्या मैत्रिणीचं ऐकून बांगड्याचं तिखलं केलं. तिरफळं मिक्सरमध्ये वाटून घातली, तर रस्सा कडूजहर झाला. शिवाय बांगडा खाल्ल्यावर माझे ओठ चुरचुरले, मान लालेलाल झाली. मासा नीट शिजला होता. मला बांगडा सोसत नाही का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी कडूपणाचं. तिरफळ वाटायचं नसतं हो! आतली काळी बी काढून टाकायची, वरची टरफलं कोमट पाण्यात भिजवून खलबत्त्यात जेमतेम ठेचायची आणि पाण्यासकट रश्शात टाकायची, तीसुद्धा शेवटी. चार बांगड्यांना आठ-दहा तिरफळं पुष्कळ झाली. बाकी मिरची-धण्याचं वाटण, हळद, सोलं आणि वरून कच्च्या खोबरेल तेलाची धार. आमच्या घरी तिखल्यात खोबरं घालत नाहीत. घालणारे घालोत, मग त्याला सार म्हणावं.

आता ओठांचं. मासा नीट शिजला होता म्हणता, पण इथे शिजवण्याचा काही उपयोग नाही. बांगडा उन्हात किंवा बर्फाविना राहिला की जिवाणू त्याच्या मांसातल्या हिस्टिडिन या घटकाचं हिस्टामिन नावाचं द्रव्य करतात. ते एकदा झालं की तळा, उकळा, जात नाही. त्यानेच ओठ चुरचुरतात, अंग लाल होतं, डोकं ठणकतं. मलाही हा प्रसाद मिळालाय. दुपारी दादरला घेतलेले बांगडे पिशवीत घालून मी तीन ठिकाणी चहा पीत घरी गेले, रात्री मान खाजवत बसले. चूक माझ्या चहाची, बांगड्याची नव्हे. तरी एकदा डॉक्टरांना विचारा, कारण खरी अ‍ॅलर्जीही अशीच दिसते. आणि श्वासाला त्रास झाला तर विचारत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

हे बांगड्याच्याच वाट्याला का? (तारली, कुपा हेही त्यातलेच.) कारण त्याचा स्वभाव. हा मासा थव्याने सतत पोहत असतो. त्या मेहनतीसाठी त्याच्या कुशीत ते काळपट, तेलकट मांस असतं. पापलेटात तुम्हाला ते दिसणार नाही. चव त्याच मांसात आणि खराब व्हायची घाईही त्यातच. कधी साफ करताना कल्ल्याच्या आत बघा, पिसासारखा लांब, बारीक कंगवा दिसेल. तोंड उघडं ठेवून पोहायचं आणि त्या कंगव्याने पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून घ्यायचे, असं त्याचं जेवण. लहानपणी किनाऱ्यावर रापण, म्हणजे लांबलचक जाळं, ओढताना मी ते थवे पाहिलेत. वारा नसतानाही पाण्याचा एक तुकडा पाऊस पडल्यासारखा थरथरतो, आणि म्हातारे गाबीत मच्छीमार हात वर करून ओरडतात. आजी म्हणायची, ‘बांगडो दर्यातसून थेट तव्यार येवक व्हयो.’

पुण्यात ते जमायचं नाही. म्हणून घेताना डोक्याकडून धरून आडवा उचला. ताठ राहिला तर घ्या, शेपूट लोंबली तर सोडा. डोळा फुगीर नि काचेसारखा, कल्ला लाल हवा. कल्ला तपकिरी झाला असेल तर ‘ताई, आजचाच आहे’ यावर जाऊ नका. सोबत बर्फ मागून घ्या, घरी येताच कल्ले-आतडी काढा आणि त्याच दिवशी संपवा.

प्रश्न : गाबोळी (पोटात अंडी) असलेला बांगडा घ्यावा की नाही? – एक वाचक, नाशिक

उत्तर : गाबोळी आवडत असेल तर घ्या, पण मांसाला तेल कमी असतं. माझं मत विचाराल, तर पावसाळ्यानंतर येणारा बिनगाबोळीचा घ्यावा. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक होड्यांना बंदी असते, त्या दिवसांत बाजारातला बांगडा बहुतेक करून बर्फातला. तेव्हा आम्ही सुका बांगडा निखाऱ्यावर भाजतो, पेजेबरोबर खातो आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या बंद होताना ऐकतो.