ऐकलेलं वाक्य वहीत गेलं की सपाट का होतं?

प्रश्न: ताई, दोन-तीन वर्षांपासून मला एक नाद लागलाय. बसमध्ये, लिफ्टमध्ये, दवाखान्यात नंबर लावून बसलेलो असताना कुणाचं तरी एखादं वाक्य कानावर पडतं आणि एकदम आवडून जातं, मग रात्री घरी आल्यावर ते वहीत लिहितो. पण महिन्याभराने वाचलं तर काहीच वाटत नाही, यात एवढं काय होतं असं होतं. माझं काय चुकतंय? आणि बायको म्हणते हे चोरून ऐकणंच झालं, ते खरं का?

उत्तर: गडबड त्या 'रात्री'त आहे. आपलं डोकं वाक्याचा अर्थ ठेवतं आणि शब्द टाकून देतं, आणि तेही फार लवकर. जॅकलिन सॅक्स या संशोधक बाईंनी 1967 साली हे तपासलं होतं, लोकांना उतारा ऐकवायचा आणि मग विचारायचं की हे वाक्य असंच होतं का. मध्ये साधारण अर्ध्या मिनिटाचा मजकूर गेला तरी अर्थ बदललेला लोकांना कळायचा, पण अर्थ तोच ठेवून नुसती रचना बदलली असेल तर बहुतेकांना पत्ताच लागायचा नाही. अर्धं मिनिट! तुम्ही तर अख्खी संध्याकाळ मध्ये घालवताय.

माझ्याच वहीतलं सांगते. प्रवासात शेजारचे आजोबा फोनवर म्हणाले, "तू येऊ नकोस. पण येणार असशील तर सांग, मी जागा राहतो." हे मी तिथल्या तिथे लिहिलं म्हणून वाचलं, नाहीतर रात्रीपर्यंत त्याचं 'तू येणार असशील तर मी जागा राहीन' झालं असतं, अर्थ जवळपास तोच, पण ते आधीचं 'येऊ नकोस' गेलं की आजोबाच गेले.

म्हणून लगेच लिहा, मोबाइलमध्ये लिहा, तिकिटाच्या मागे लिहा, आणि मुख्य म्हणजे सुधारू नका. 'म्हणजे', 'अगं', अर्धवट तुटलेलं वाक्य, दोनदा आलेला शब्द, सगळं राहू दे. एखादा शब्द निसटला तर तिथे रिकामी जागा सोडा, आपल्या मनाने भरू नका. लीळाचरित्रासाठी म्हाइंभटांनी 13व्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्यासोबत राहिलेल्या माणसांना विचारून विचारून गोळा केल्या, आणि दोघांनी वेगळं सांगितलं तर ते पाठभेदही नोंदवलेले दिसतात. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं, कारण एकच गुळगुळीत वाक्य करून टाकणं किती सोपं होतं.

वाक्याखाली एक ओळ संदर्भाची हवीच. "त्यांना बरं वाटायला लागलं आणि मला आता भीती वाटतीये," हे नुसतं लिहिलं तर कोडं होतं, पण खाली 'दवाखान्याचा जिना, बाई एकटीच, फोन ठेवल्यावर' एवढं असेल तर वर्षांनी वाचलं तरी ती बाई समोर उभी राहते. भीती कशाची असेल याचा तर्क मात्र लिहू नका, तुम्हाला ते माहीत नाही.

आता तुमच्या मिसेसचं म्हणणं. त्यांचं मला अर्धं पटतं. चारचौघांत मोठ्याने बोललेलं कानावर येणं वेगळं आणि ऐकायला म्हणून दाराशी थांबणं वेगळं, ते करू नका, आणि गुपचूप रेकॉर्डिंग तर अजिबातच नको. नाव, पत्ता, ऑफिस काही लिहू नका. वही घरात आहे तोवर ठीक, पण ऑनलाइन टाकायचं असेल तर ते वाचून त्या माणसाला किंवा त्याच्या शेजाऱ्याला ओळख पटेल का बघा, आजारपण, भांडण, पैसे यातलं काही असेल तर नकोच. घरच्यांची वाक्यं त्यांना विचारूनच बाहेर काढा.

जुन्या पानांवर पेन्सिलने 'रात्री आठवून' एवढं लिहून ठेवा, फाडू नका.