साफ केलेल्या बागेत गवत पुन्हा उगवू नये म्हणून काय करावे?

घरामागची तीन वर्षे पडीक असलेली बाग नुकतीच साफ केली असून गवत व झुडपे पुन्हा फुटू नयेत म्हणून कोणते औषध मारावे, असे आपण विचारले आहे. औषधाकडे मी नंतर येते. आधी बाग कशाने साफ केली ते सांगावे, कारण रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागे जोडून माती भुसभुशीत करणारे यंत्र) फिरवला असेल तर आपण गवताची लागवड केली आहे, असेच मी म्हणेन.

माझे माहेर अमळनेर तालुक्यातले. आबा गेल्यानंतर त्यांची आठ गुंठ्यांची लिंबू-पेरूची बाग चार वर्षे कोणी पाहिली नाही. काळी कसदार जमीन, त्यामुळे हराळी, लव्हाळा आणि कुंदा या चिवट गवतांनी ती भरून गेली व कडेने वेडी बाभूळ आणि सुबाभूळ माजली. वाटणीआधी साफसफाई करायची म्हणून दादाने मे महिन्यात ट्रॅक्टर बोलावला. आबा कुंदा नेहमी कुदळीने खोदून उन्हात टाकत असत, याची मी आठवण करून दिली, तेव्हा "तू सासरी असतेस, तुला शेतातले काय कळते?" असे तो सगळ्यांसमोर म्हणाला. दोन तासांत जमीन पेरणीला तयार केल्यासारखी भुसभुशीत झाली. मृगाचा पाऊस पडला आणि आषाढ संपण्याआधी ती पूर्वीपेक्षा दाट हिरवी झाली.

याचे कारण सरळ आहे. हराळीच्या तुकड्याला एक पेर राहिले तरी त्यातून नवे झाड फुटते. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या जोडलेल्या असतात व त्यांतल्या बऱ्याच निद्रिस्त असतात. माळ तुटली की त्याही जाग्या होतात. यंत्राने ही माळ हजार ठिकाणी तोडली आणि तुकडे सगळ्या बागेत सारखे पसरवले.

वाटणीत लिंबांचा अर्धा भाग माझ्याकडे आला. पुढच्या चैत्रात दोन गडी, तीन बाया आणि मी, असे रोज सकाळी सहा ते दहा कुदळ-टिकाव घेऊन खपलो. हातभर खोल खणून ढेकळे उलटी केली, मुळ्या व गाठी हाताने वेचल्या आणि बांधावर वाळवून जाळल्या. राहिलेली ढेकळे वैशाखाच्या उन्हात तशीच पडू दिली. आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्या उन्हासारखे औषध दुकानात मिळत नाही. बाभळीची खोडे नुसती तोडली तर बुंध्यातून पुन्हा फुटतात, म्हणून वीतभर माती उकरून बुंधा मुळासकट काढला. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवस थांबून जे कोंब वर आले ते पुन्हा खणून काढले आणि मग मोकळ्या जागेत ताग हे हिरवळीचे पीक दाट पेरले. त्याच्या सावलीत लव्हाळा दबतो. फुलोऱ्यावर येताच ताग कापून तिथेच अंथरला आणि त्यावर केळीच्या वाळलेल्या पानांचा जाड थर दिला. दुसऱ्या वर्षी निंदणीला दोन बाया पुरल्या.

आता औषधाविषयी. ग्लायफोसेट हे तणनाशक पानांतून शोषले जाऊन मुळांपर्यंत पोहोचते, त्यामुळे आपल्या आताच्या उघड्या जमिनीवर ते मारणे म्हणजे पैसे मातीत घालणे आहे. पडलेल्या बियांवर त्याचा परिणाम होत नाही आणि लिंबाच्या कोवळ्या फांदीवर फवारा उडाला तर झाडाला इजा होते. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर केवळ कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली आहे, हेही ध्यानात ठेवावे.

मी सांगते ते काळ्या जमिनीतले आहे; मुरमाड जागेत हातभर खणणे कठीण जाईल. फळझाडांच्या बुंध्याजवळ खोल खणू नये, खुरप्यानेच वरवर काढावे. आच्छादनात पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) घातली तर वाळवी लागते, म्हणून ती घराच्या भिंतीपासून दूर ठेवावी. गाजरगवत दिसले तर फुलण्याआधी हातमोजे घालून उपटावे.

दादाच्या वाट्याला अजूनही दर उन्हाळ्यात रोटाव्हेटर फिरतो आणि तिकडची हराळी माझ्या लिंबांकडे सरकते. त्यासाठी मी बांधालगत हातभर खोल चर खोदून घेतला आहे. आपल्या शेजारची जागा पडीक असेल तर असा चर आपणही खोदावा. मात्र त्यात उतरलेल्या मुळ्या पोळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा काढाव्या लागतात.